दाराखालची पट्टी, साप पळवायची पावडर आणि बाकीचं सामान : प्लॉट एरियात राहणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आमचं घर जळगावला शिरसोली रोडच्या बाजूला. आता प्लॉट एरिया म्हणतात पण आधी तिथं कापूस आणि केळी होती, अजूनही मागच्या लाईनीनंतर एक नाला आहे आणि नाल्यापलीकडे शेतंच आहेत. म्हणजे साप, मुंगूस, घोरपड, मोर, पिंगळे हे सगळे इथले आमच्या आधीपासूनचे रहिवासी. कॉलनीत सापांसाठी म्हणून जे जे विकत आणलं, बसवलं, शिंपडलं ते बहुतेक सगळं मी जवळून पाहिलंय आणि दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच की काय घ्यायचं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी मार्क सांगून टाकते. दाराखाली स्क्रूनं बसवायची ॲल्युमिनियमची पट्टी, पाचपैकी पाच. खाटेवरची साधी मच्छरदाणी, तिलाही पाच. मोरीच्या जाळ्यांना चार. साप पळवायची पावडर शून्य, आवाजाचं मशीन शून्य. उंदराचे चिकट पॅड आणि भाजीच्या वाफ्यावरची नायलॉनची जाळी, यांना शून्य तर आहेच, वरून हात जोडून विनंती की घेऊच नका. आणि सर्पमित्राची सेवा, आमच्याकडे जो मुलगा येतो त्याला पाच.

साप घरात येतो कशाला हे आधी कळलं की मग काय घ्यायचं ते आपोआप कळतं. शेजारचे आबा अमळनेरकडचे, आयुष्य शेतात गेलं, ते मला पहिल्याच पावसाळ्यात म्हणाले, "माय, साप काय आपले भेटाले नही येस, तो उंदीरना मांगे येस." अगदी खरं आहे. आपण खान्देशातली माणसं वर्षाचं धान्य भरतो, गहू, दादर ज्वारी, डाळी, कोठ्या एका खोलीत, त्या खोलीचं दार नीट लागत नाही, तिथं उंदीर होतात आणि उंदरामागं साप. त्यात आपली जमीन काळी. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर तापमान गेलं की हातभर खोल भेगा पडतात, त्या भेगांत आणि उंदरांच्या बिळांत साप गारव्याला बसलेले असतात, आणि पहिला मोठा पाऊस झाला की भेगा बुजतात, बिळात पाणी शिरतं, आणि मग सगळे एकदम बाहेर येतात. घोणस तर त्याच सुमाराला पिल्लं देते, अंडी नाही, डायरेक्ट पिल्लं, म्हणून जून-जुलैमध्ये छोटे छोटे साप जास्त दिसतात. काळ्या मातीचा अजून एक त्रास म्हणजे ती फुगते आणि आकसते, त्याच्याने बांधकाम हलतं, फरशी खचते, आणि बिल्डरनं ताबा दिला तेव्हा जी दाराखालची फट बोटभर पण नव्हती ती दोन-तीन वर्षांत दोन बोटं होते.

पावडरचं सांगते. ऑनलाईन मिळते, डब्यावर नागाचं चित्र, कॉलनीनं वर्गणी काढून ओपन स्पेसच्या कडेनं आणि कंपाउंडच्या भिंतीलगत टाकली होती. वासावरून तरी डांबर गोळ्या आणि गंधक असावं. दुसऱ्याच आठवड्यात त्याच पट्ट्यावरून धामण आरामात गेली, चार जणांनी पाहिलं. डांबर गोळ्यांनी किंवा गंधकानं साप थांबत नाही हे तपासून झालेलं आहे, जुनी गोष्ट आहे, तरी दर वर्षी नवीन डब्यात विकतात. नुसते पैसे गेले असते तर मी एवढं लिहिलं नसतं, पण डांबर गोळी लहान मुलाच्या पोटात गेली तर रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात, कुत्र्या-मांजरांनाही ती विषारी आहे, आणि आमच्या ओपन स्पेसमध्ये संध्याकाळी पोरं मातीतच खेळतात. काही जण कार्बोलिक ॲसिड शिंपडा सांगतात, ते तर कातडी भाजतं, अजिबात नको.

आवाजाचं मशीन म्हणजे ते सॉकेटमध्ये लावायचं किंवा सोलरवालं जमिनीत रोवायचं, "अल्ट्रासॉनिक लहरींनी साप, उंदीर, पाल सगळं पळतं" असं लिहिलेलं असतं. सापाला बाहेरचे कान नसतात, त्याला जमिनीची थरथर आणि कमी फ्रिक्वेन्सीचे आवाज कळतात, साधारण हजार हर्ट्झच्या आतले. हे मशीन वीस हजार हर्ट्झच्या वरचा आवाज काढतं. म्हणजे ज्याला ऐकूच येत नाही त्याला ऐकवण्यासाठी आपण पैसे देतोय. अंधारात चालताना पाय आपटत किंवा काठी आपटत चाला, ती थरथर त्याला कळते आणि तो बाजूला होतो, फुकटात काम होतं.

आता पट्टी. ह्याच्यात तीन प्रकार मिळतात आणि फरक खूप आहे म्हणून नीट वाचा.

पहिला प्रकार म्हणजे कापडाच्या खोळीत फोमचे दोन रोल, दाराखाली सरकवायचे. स्वस्त, दीड-दोनशेला मिळतात, धूळ आणि एसीची थंड हवा अडवायला चांगले. पण फरशी पुसताना ओले होतात, दार उघडताना सरकतात, आणि उंदरांनी एका सीझनमध्ये कुरतडून ठेवले. सापासाठी उपयोग कमी. दुसरा म्हणजे मागे गम असलेली चिकटवायची रबर पट्टी. दिसायला छान, बसवायला सोपी, पण जळगावचा मे महिना तिला झेपत नाही, पश्चिमेच्या दाराची तर दुपारच्या उन्हानं गम वितळून पट्टी लोंबायला लागली. तिसरा म्हणजे ॲल्युमिनियमची चॅनेल, तिच्यात जाड रबर नाहीतर ब्रश, दाराला स्क्रूनं पक्की बसवायची. चारशे-पाचशेच्या आसपास एक दार होतं, सुताराची मजुरी वेगळी. ही घ्या.

रबर घ्यायचं की ब्रश, तर फरशी एकसारखी असेल तर रबर, कारण ते घट्ट बसतं आणि मुंग्या-झुरळं पण अडतात. फरशी खालीवर झाली असेल तर ब्रश, नाहीतर दार अर्ध्यात अडकतं आणि मग घरातले वैतागून पट्टीच काढून टाकतात, हे आमच्याच लाईनीत झालंय. लोखंडी सेफ्टी डोअरला स्क्रू बसत नाही, तिथं फॅब्रिकेशनवाल्याकडून पॉप रिव्हेट मारून घ्यायचे. आणि बसवताना बिजागरीच्या बाजूचा कोपरा बघा, सगळे कुलुपाच्या बाजूला घट्ट बसवतात आणि बिजागरीकडे अर्ध्या इंचाची जागा तशीच राहते. मण्यारीचं पिल्लू पेन्सिलीएवढं जाड असतं, त्याला तेवढी जागा पुष्कळ झाली.

फट कुठं आहे ते शोधायची सोपी पद्धत, रात्री घरातले सगळे लाईट बंद करायचे, एकानं बाहेरून टॉर्च घेऊन दाराच्या कडेकडेनं फिरवायचा आणि दुसऱ्यानं आत खाली बसून बघायचं, जिथून उजेड येतो तिथून साप येऊ शकतो. आम्ही केलं तेव्हा मागचं दार, गॅस पाईपचं भोक आणि एसीच्या पाईपभोवतीची जागा अशा तीन ठिकाणी उजेड दिसला, भोकं सिमेंटनं बुजवली. मला तर वाटतं जुन्या घरांना उंबरा होता ते फार बरं होतं, दार त्याच्यावर टेकून बंद व्हायचं आणि खालून फट राहायचीच नाही. नव्या घरात उंबऱ्याच्या जागी सपाट ग्रॅनाईटची पट्टी टाकतात, दिसायला छान पण काम काहीच करत नाही. घर बांधताय त्यांनी एक-दीड इंचाचा उंबरा करूनच घ्या, म्हातारी माणसं अडखळतील असं वाटत असेल तर कडा तिरकी घासून घ्या.

मोरीसाठी स्टीलच्या जाळ्या, बाथरूमच्या, वॉशिंग मशीनच्या पाण्याच्या, आणि जिथं पाईप बाहेर गटारीत किंवा शोषखड्ड्यात उघडतो त्या तोंडाला पण. एक मार्क कमी कारण केस अडकतात, दर दोन-तीन दिवसांनी साफ करावी लागते, कंटाळा आला की घरातलं कोणीतरी काढून ठेवतं आणि मग ती खिडकीतच पडून राहते.

मच्छरदाणी. हिच्याबद्दल मला फार मनापासून सांगायचंय. मण्यार रात्रीची फिरते, आणि खाली अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की बऱ्याचदा चावलेलं कळतच नाही, सूज नाही, आग नाही, मग पहाटे पोट दुखतं, घसा दुखतो, डोळ्याच्या पापण्या जड होऊन खाली येतात, बोलता येईनासं होतं. घरचे म्हणतात ॲसिडिटी झाली असेल, आणि वेळ निघून जातो. नेपाळच्या तराई भागात अभ्यास झाला होता, २००७ साली छापून आला, त्याच्यात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं. फक्त ती गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली पाहिजे. आपल्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आपली खान्देशची देवी, बसते, सगळे भाऊबंद एका घरी जमतात, रोट असतात, रात्रभर गाणी चालतात, आणि मग पंधरा-वीस माणसं हॉलमध्ये, ओट्यावर, गच्चीवर जिथं जागा मिळेल तिथं खाली झोपतात, मागचं दार रात्रभर उघडं. नेमके मण्यारीचे दिवस. त्या रात्री निदान लहान मुलं खाटेवर आणि मच्छरदाणीत, आणि मागचं दार बंद, एवढं तरी करा हो. आमच्याकडे आता फोल्डिंगच्या छत्रीसारख्या उघडणाऱ्या मच्छरदाण्या पाहुण्यांसाठी आणून ठेवल्यात, खालून पण बंद असतात, खाली अंथरुणावर पण चालतात, दोन माणसं आरामात मावतात.

आता ज्या दोन गोष्टी घेऊच नका म्हटलं त्या. उंदराचा चिकट पॅड, सगळ्या किराणा दुकानात मिळतो. त्याच्यावर उंदीर अडकला की त्याला खायला साप येतो आणि तोही अडकतो. शिवाय पाल, खारुताई, चिमण्या. समोरच्यांच्या गोडाऊनमध्ये एकदा तस्कर साप अडकला होता, बिनविषारी, सुटायला धडपडून कातडी सोलून निघाली होती. सर्पमित्रानं खायचं तेल थोडं थोडं ओतत ओतत सोडवला, तेलानं तो गम सुटतो हे लक्षात ठेवा, पण आधी कोणता साप आहे हे माहिती नसताना स्वतः जवळ जाऊ नका. उंदरांसाठी साधा पिंजरा वापरा. विषाच्या वड्या पण नकोत, विष खाल्लेला उंदीर घुबडानं खाल्ला की घुबड मरतं, आणि आपल्याकडे उंदीर सगळ्यात जास्त कोण खातं तर गव्हाणी घुबड आणि धामण.

दुसरी म्हणजे नायलॉनची बारीक जाळी. मोर वाफे उकरतात, म्हणून बऱ्याच जणांनी मेथी-कोथिंबिरीवर टाकली, ती कडेला जमिनीवर लोळत राहते, आणि साप तिच्यातून जाताना डोकं जातं पण अंग जाड असल्यामुळे मधेच अडकतो, खवले उलटे असल्यामुळे मागे पण येता येत नाही. जेवढा जोर लावेल तेवढा धागा रुततो. आमच्या मागच्या लाईनीत एक मोठी धामण अशीच उन्हात अडकून मेली, दुपारी बारा ते तीन बाहेर कोणी नसतं, कोणाला कळलंच नाही. शेताकडची धामण, वर्षभरात किती उंदीर खात असेल ती. मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. मोरांसाठी जाळी लावायचीच असेल तर खांबांना ताणून बांधा आणि जमिनीपासून फूट-दीड फूट वर ठेवा, नाहीतर सरळ मोठ्या चौकटीची लोखंडी जाळी लावा.

लाईटचं थोडक्यात, अंगणात सेन्सरवाला लाईट घ्या, रात्रभर जळणारा नको. रात्रभर उजेड असला की किडे येतात, किड्यांना पाली आणि बेडूक येतात, आणि पालीमागं कवड्या साप येतो. कवड्या बिनविषारी, पण दिसतो मण्यारीसारखा आणि त्याच्यामुळेच फुकट मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि पुढे ठळक असतात, मण्यारीचे पांढरे पट्टे बहुतेक जोडीजोडीनं आणि मानेच्या बऱ्याच मागून सुरू होतात. अर्थात हे लांबून फोटो झूम करून बघायचं, ओळखता नाही आलं तर विषारीच समजायचं.

सर्पमित्राचा अनुभव. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वॉशिंग मशीनमागे घोणस बसली होती, ती फुत्कारत होती आणि घरातल्यांना वाटलं कुकरची शिट्टी अडकलीय, इतका मोठा आवाज असतो तिचा. फोन केल्यावर त्या मुलानं पहिली गोष्ट काय सांगितली, तर एकाच माणसानं लांब उभं राहून तिच्यावर नजर ठेवा, बाकी सगळे बाहेर, पोरं आणि कुत्रा लांब, कोणी काठी घेऊ नका, जमलं तर लांबून फोटो पाठवा. पाव तासात आला. सापाला हात लावला नाही, हूक होता आणि एका पाईपाला पिशवी बांधलेली, पाईपाचं तोंड अंधारं असतं म्हणून साप स्वतःहून त्याच्यात शिरतो. ना शेपटी धरून नाचवणं, ना व्हिडिओ, ना सेल्फी. पिशवीला गाठ मारली, वन विभागाच्या नोंदीसाठी पत्ता आणि वेळ लिहून घेतली, आणि मग आम्हाला मशीनमागे साप का आला ते दाखवलं, तिथं कांद्या-बटाट्याची पोती होती आणि उंदराचं घर होतं. पैसे मागितले नाहीत, पेट्रोलचे आम्ही आग्रहानं दिले.

हे मुद्दाम सांगते कारण त्याच्या आधी दुसरा एक जण यायचा, तो नाग पकडला की पोरांना हात लावायला द्यायचा, गळ्यात घालायचा, आणि निघताना हजार रुपये मागायचा. असं कोणी आलं तर परत बोलवू नका, वन विभागाला कळवा. साप पकडून खेळ करणं, घरात ठेवणं, मारणं हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गुन्हा आहे. ओळखीचा सर्पमित्र नसेल तर वन विभागाची हेल्पलाईन १९२६, चोवीस तास, टोल फ्री. मी एकदा घोरपडीसाठी लावला होता, फोन उचलला, पत्ता आणि जवळची खूण विचारली, इथल्या माणसांकडे निरोप गेला, त्यांचा परत फोन आला. साप "लांब जंगलात" सोडा असा आग्रह करू नका, यावल-पालच्या जंगलात इथला साप नेऊन टाकला तर अनोळखी जागेत तो बऱ्याचदा टिकत नाही, कुठं सोडायचा ते त्यांना ठरवू द्या.

आणि चावलाच तर हे सामानात येत नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. दोरी आवळून बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढायची, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरळ सरकारी दवाखाना, तिथं सापावरचं औषध फुकट मिळतं. सापाला मारून सोबत न्यायची गरज नाही, कारण आपल्याकडचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांसाठी एकच असतं. २००० ते २०१९ च्या आकडेवारीवरून झालेल्या अभ्यासात आपल्या देशात साप चावून वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली असा हिशोब निघाला, त्यातली बहुतेक खेड्यांतली, आणि वेळेवर दवाखान्यात पोचली असती तर कितीतरी वाचली असती.

बाकी कॉलनीत कोणी ओपन स्पेस जेसीबीनं साफ करायचं काढलं तर गाजर गवत आणि वेडी बाभूळ घरांपासून दहा-पंधरा फूट काढा, नाल्याकडेचा भाग राहू द्या. तिथं मुंगसाचं बीळ आहे, अर्धवट बांधकामात गव्हाणी घुबडाची जोडी आहे, काही लोक अपशकुन म्हणून हुसकवायला निघाले होते त्यांना आबांनीच अडवलं. बाहेर ते राहतील, आत आपण राहू, मधे दार नीट बंद होणारं पाहिजे, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

पट्टी घ्यायला जाताना दाराची रुंदी आणि फट दोन्ही मोजून न्या, फट तीन ठिकाणी मोजा कारण दोन्ही टोकांना वेगळी निघते. तीन फुटाची तयार मिळते, मेन डोअरला बहुतेक साडेतीन लागते, तेव्हा चार फुटी घेऊन हॅकसॉनं कापून घ्या, दुकानदार कापून देतात. रबर दोन उन्हाळ्यांत कडक होतं, म्हणून ज्या चॅनेलमधून रबर ओढून काढता येतं आणि नुसतं रबर बदलून मिळतं तीच मागा, आणि बदलायचं काम मे महिन्यातच उरका, पहिल्या पावसानंतर सुतार हाताला लागत नाही.